फक्त जंभेरीवर

तांडा, ता. दारव्हा
१८ जुलै २००५

संजयभिया,

तुझा पत्ता मी दीपावहिनीच्या आईकडून घेतला. दारव्ह्याच्या बाजारात पंचफुलामावशी भाजी घेऊन बसल्या होत्या. आधी त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. मग जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाल्या, "लिहून घे. पण तुह्या बापाले देजो नको." तू नाशिककडे द्राक्षाच्या बागेत खुंटावर डोळे भरून कलम बांधायच्या कामाला आहेस हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून बरं वाटलं. तुझ्या हाताला दुसरं काम शोभलं नसतं.

याडी बरी आहे. बापूही बरे आहेत.

मागच्या वर्षी जे झालं ते तुझ्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. मी अकोल्याला विद्यापीठात होते आणि घरी आले तेव्हा तुझी खाट रिकामी होती. मला जे सांगण्यात आलं ते असं: तू यवतमाळला जाऊन दीपाशी नोंदणी लग्न केलंस. बापूंनी तिला तांड्यात आणायला नाही म्हटलं, कारण ती बौद्धाची. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "जळो तुमची नर्सरी." आणि त्याच आठवड्यात जंभेरीचे, संत्र्याचं कलम ज्यावर बांधतो त्या खुंटाचे वाफे खरंच जळाले. पानावर तपकिरी डाग, शिरांच्या कडेनं काळ्या रेघा, शेंडे वाळलेले, खाली पानांचा सडा. बाजूच्या वाफ्यातल्या संत्र्याच्या कलमांना मात्र काही झालं नाही. बापू तांड्याच्या नाईकांसमोर म्हणाले, "निवडून मारलं. खुंट कोणता न् कलम कोणती, हे कळते त्यानंच फवारलं." तू वहिनीला घेऊन निघून गेलास.

हे खरं असेल, नसेल. मी तुला ते विचारायला लिहीत नाही. मी सांगायला लिहीत आहे की डाग पुन्हा आलेत.

परवा पाहिलं. नवे वाफे, नवं बियाणं, तेच डाग. संत्र्याला पुन्हा काही नाही. तू इतका लांब आहेस, तेव्हा मला वाटलं आता तरी बापू गप्प होतील. ते म्हणाले, "तो नाही तर त्याचा सासरा." दारव्ह्याच्या चौकात त्यांनी नागोरावकाकांचं नाव घेतलं. त्यावरून आपली पोरं आणि त्यांच्या मोहल्ल्यातली पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. बापू पोलिसात जायचं म्हणतात. प्रेमसिंग नाईकांनी त्यांना थोपवून धरलं आहे, पण किती दिवस?

इथे सध्या विष हा शब्द उच्चारला तरी लोक धावत सुटतात, तुला ठाऊकच आहे. कापसानं दगा दिल्यापासून आसपासच्या गावांत जे चाललं आहे ते मी लिहीत नाही. लोक संत्रा लावू म्हणतात आणि रोपांसाठी आपल्याकडे येतात. बापू त्यांना वाफ्याजवळ जाऊ देत नाहीत.

मी डागांची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आहेत. उद्या अकोल्याला नेते.

वर्षा


अकोला
१० ऑगस्ट २००५

भिया,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण मी जे पाहिलं ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. इथल्या मैत्रिणींना बुरशी कळते, पण ते वाफे कळत नाहीत.

पानाच्या डागाचा कडेचा तुकडा कापून धुतला आणि बटाट्याच्या काढ्याच्या थिजलेल्या थरावर ठेवला. काही दिवसांत त्यातून करडी-हिरवट बुरशी उगवली, मखमलीसारखी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू दिसले. एका टोकाला निमुळते, आत आडव्या-उभ्या भिंतींनी कप्पे पाडलेले, आणि एकाला एक चिकटून माळ धरलेली. आल्टरनेरिया. मी उर्वशीमॅडमना, माझ्या गाईडना, पळत जाऊन दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ही तर सगळीकडे असते. वाळल्या पानावर, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर, भिंतीच्या ओलीवर. मेलेल्यावर जगते बिचारी. मारणारी हीच, हे कशावरून?"

कशावरून, ते करून पाहायचं ठरलं. बुरशी पातळ काढ्यात वाढवली. मग काढा इतक्या बारीक गाळणीतून गाळला की बुरशीचा एक धागाही खाली येणार नाही. राहिलं ते नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. त्याचा एकेक थेंब जंभेरीच्या पानावर ठेवला, एकेक संत्र्याच्या पानावर. शेजारी साध्या काढ्याचे थेंब.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि मी हात मागे घेतला. जंभेरीच्या पानावर थेंबाखालून काळी रेघ निघाली होती आणि शीर धरून पुढे पुढे गेली होती, अगदी आपल्या वाफ्यासारखी. बुरशी तिथे नव्हतीच, फक्त तिनं पाण्यात सोडलेलं काहीतरी होतं. आणि संत्र्याचं पान? हिरवंगार. थेंब त्याच्यावर तसाच बसलेला, पावसाचा असावा तसा.

भिया, आपण फवारतो ते औषध गवतही मारतं, पीकही मारतं, माणूसही मारतं. हे मात्र सगळी झाडं सोडून एकाच झाडाला ओळखतं. मी ते पुन्हा केलं. लिंबावर, पेरूवर, पऱ्हाटीच्या पानावर. कोणाला काही नाही. पुन्हा जंभेरीवर ठेवलं, पुन्हा काळं. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "जपानात एका जातीच्या नाशपातीवर असं असतं, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी आज पाहिलं."

निवडून मारलं, हे बापूंचं म्हणणं खरंच होतं. निवडणारा मात्र माणूस नव्हता.

वर्षा


तांडा
६ सप्टेंबर २००५

भिया,

नाईकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले सांगून काय उपयोग? तुह्या बापाले दाखव. न् नागोरावलेबी बोलाव. दोघाईच्या समोर होऊ दे."

नागोरावकाका एकटे आले. एसटीच्या डेपोतली सुट्टी काढून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. याडीनं पाण्याचा तांब्या आणून काकांसमोर ठेवला आणि बापूंकडे न बघता आत गेली. आपल्या घरात हे पहिल्यांदा झालं.

विहिरीजवळचं ते जुनं संत्र्याचं झाड मी निवडलं. त्याच्या बुंध्याला खालून जंभेरीचे फुटवे आलेत. तू असतास तर कधीच छाटून टाकले असतेस. एकच झाड, एकच मूळ, वर संत्रा आणि खाली जंभेरी. दोन्हींच्या पानांवर मी थेंब ठेवले, सगळ्यांदेखत. वरून पातळ पिशव्या बांधल्या. नाईकांनी हरिसिंगकाकाला झाडापाशी बसवलं, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको.

सकाळी निम्मा तांडा विहिरीवर होता. मी पिशव्या सोडल्या. खालची पानं काळवंडलेली आणि वरची चकचकीत. त्याच झाडाची! म्हातारी लालीबाई पुढे आली, तिनं काळ्या पानाला हात लावला नाही, नुसते हात जोडले आणि मागे सरली. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

मग बापू बोलले. "पाणी तर जहरच निघालं. म्या तेच म्हणत होतो. जहर कोणीतरी टाकलंच ना?"

"कोणी टाकलं नाही, बापू. बुरशीनं बनवलं."

"बुरशी?" बापू माझ्यापेक्षा नाईकांनाच सांगत होते. "बुरशी माह्या बापाच्या टायमापासून हाय. लोणच्यावर येते, बोंडावर येते, ओल्या भिंतीवर येते. इतकी वर्सं तिनं एक पान नाही मारलं. मंग पोरगं भांडून गेलं त्याच साली तिले जहर कुठून आलं? काहून?"

नागोरावकाका पहिल्यांदा बोलले, सावकाश. "देवीलालभाऊ, माह्या हातात आजवर फवाऱ्याचा पंप नाही आला. ग्रीस लागलं हाताले, दुसरं काही नाही. पण तुमी इचारलं ते बराबर हाय. काहून, हे मलेबी समजून घ्याचं हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ते अजून शोधायचं आहे, मी म्हटलं. नाईक म्हणाले, "मंग शोध. तोवर कोणी पोलिसात जाणार नाही न् चौकात कोणाचं नाव घेणार नाही." बापूंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

वर्षा


अकोला
२ नोव्हेंबर २००५

भिया,

तुझं पत्र मिळालं. वहिनीचं अक्षर पत्त्यावर, तुझं आत. इतक्या दिवसांनी तू लिहिलंस ते हे:

"बुरशीनं साक्ष दिल्यावर बापू मला घरात घेणार असतील, तर मला ती साक्ष नको. त्या रोपांना मी रोज पाणी दिलं, तण काढलं. मी त्यांना मारणार नाही हे बापूंना माहीत असायला पाहिजे होतं. त्याला प्रयोग कशाला लागतो?"

तुझं बरोबर आहे.

तरी मी हैदराबादला जाते आहे. मॅडमनी तिथल्या प्रयोगशाळेत एक यंत्र वापरायची परवानगी मिळवून दिली आहे. तुझ्यासाठी जाते असं समजू नकोस. नागोरावकाकांसाठी समज. त्यांना अजून चौकातून जाताना लोक वळून बघतात. आणि आता तर माझ्यासाठीही. मी रस्त्यानं चालताना वाळलेली पानं पाहते आणि वाटतं, तुमच्यावरची मारणारी कोण?

एक गोष्ट पहिल्या पत्रात मी नीट लिहिली नाही. बापू बरे नाहीत. आजार काही नाही. जेवणावरून उठून जातात आणि वाफ्यांपाशी बसतात. मेलेली रोपं उपटू देत नाहीत.

वर्षा


हैदराबाद
२१ जानेवारी २००६

भिया,

आज मी जे पाहिलं ते घाईनं लिहिते आहे. समजून घे.

इथे येण्याआधी माझं एक काम बिघडलं होतं. आपल्या वाफ्यातली बुरशी मी एका ताटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी वाढवत होते. त्यातल्या एका ताटलीच्या पाण्यानं जंभेरी मरेना. बुरशी तीच, रंग तोच, बीजाणूंची माळ तीच, वाढही तशीच जोमदार. पण थेंब ठेवला की पान हिरवंच. मला वाटलं, माझ्या हातून ताटल्यांची अदलाबदल झाली. ती फेकून देणार होते. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. घेऊन जा सोबत."

प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. तो जीव कसा असावा, काय बनवावा, हे त्यांच्यात लिहिलेलं असतं. इथलं यंत्र काय करतं, तर बुरशीची ती गुणसूत्रं जेलीसारख्या वडीत घालून विजेनं ओढतं, आणि विजेची दिशा सारखी बदलत राहतं. मोठी गुणसूत्रं वळणावर अडखळतात आणि मागे राहतात, लहान पुढे निसटतात. हे कित्येक दिवस चालतं. आपण नुसती वाट पाहायची.

मी शेजारी शेजारी तीन जणी ठेवल्या होत्या. एक आपल्या वाफ्यातली मारणारी. एक आपल्याच बांधावरच्या पऱ्हाटीच्या काडीवरची, जी कोणाला काही करत नाही. आणि एक ती, जी विष विसरली.

आज वडी दिव्याखाली धरली. नारिंगी रेषा चमकल्या. वरती तिघींच्या जाड रेषांची गर्दी, जवळपास सारखी. मग खाली काळोख. आणि त्या काळोखात, खूप खाली, एकीच्याच रांगेत एक बारीकशी रेघ होती. मारणारीच्या. पऱ्हाटीवालीला नाही. विसरलेलीलाही नाही.

एक जादा गुणसूत्र. इतरांच्या मानानं चिमुकलं. ते नसलं तरी बुरशीचं काही अडत नाही. ती उगवते, पसरते, माळा धरते, वाळल्या पानावर सुखानं जगते. आणि ते असलं की तीच बुरशी एका झाडाचा काळ होते, फक्त एका झाडाचा. माझ्या ताटलीतल्या बुरशीनं ते कधीतरी वाटेत टाकून दिलं आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

इथल्या सरांनी सांगितलं, दुसऱ्या देशांत हिच्याच बहिणी सफरचंदावर आहेत, स्ट्रॉबेरीवर आहेत, प्रत्येकीचं विष वेगळं आणि प्रत्येकीचं झाड वेगळं. आपल्यावालीला हे कुठून मिळालं, ते मी विचारलं. ते म्हणाले, नक्की कोणालाच माहीत नाही. आईकडून लेकीला मिळतं तसं मिळालं असेल. काहींचा अंदाज असा आहे की दोन बुरश्यांचे धागे एकमेकांना भिडले की असा तुकडा एकीकडून दुसरीकडे जात असावा. म्हणजे भांडण नाही, शत्रुत्व नाही. कुठेतरी ओल्या पानाखाली दोन धागे भेटले असतील आणि कोणालाच काही कळलं नसेल.

त्या पावसाळ्यात आपल्या घरात इतका आरडाओरडा चालला होता, आणि पायाखाली हे चाललं होतं. मी दिव्यापाशी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. मला राग आला नाही. एवढं नुकसान केलं तिनं, तरी आला नाही. मला वाटलं, आपण जगतो ती जमीन मी आज पहिल्यांदा पाहिली.

वर्षा


तांडा
१२ मार्च २००६

भिया,

हे सावकाश वाच.

वडीचा फोटो घेऊन मी आले. विद्यापीठातून एक छोटा सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. बापू वाफ्यापाशीच बसले होते. मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या बोलीत. ती बारीक रेघ बोटानं दाखवली. "त्याच साली काहून, ते हे, बापू. हा तुकडा आधी इथल्या बुरशीत नव्हता. कुठून तरी आला."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "एवढूसं?"

"एवढंसं."

मग सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग माळा दिसल्या. डोळा काढेनात. याडी येऊन उभी राहिली, तिला हातानंच थांबवलं. शेवटी म्हणाले, "चांगली हाय व दिसाले. हारासारखी." आणि मग तसंच खाली बघत म्हणाले, "संजयनं नाही केलं, हे मले गेल्या पावसाळ्यातच समजलंतं. नवे डाग पाहिले तवाच."

मी विचारलं, "मग नागोरावकाकांचं नाव कायले घेतलं?"

"चार लोकाईत बोलून बसलोतो. बोललेलं परत कसं घेऊ? दुसरं कोणाचं नाव घेतलं का आपलं पयलं खोटं नाही पडत."

मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तुला न विचारता. तुला राग येईल, येऊ दे. "त्याला प्रयोग कशाला लागतो" इथवर आले तेव्हा ते उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. याडी माझ्यावर ओरडली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच तुझं नाव घेऊन ओरडली.

दुसऱ्या दिवशी ते नाईकांकडे गेले आणि लोकांना बोलवा म्हणाले. नाईकांनी विचारलं, "पोरगी फोटो दाखवणार हाय का?" बापू म्हणाले, "फोटो नाही. मले बोलाचं हाय." मी फोटो घरीच ठेवला. ज्या जागी त्यांनी तुझं नाव घेतलं होतं तिथेच उभे राहून ते म्हणाले, "माह्या पोरानं माही रोपं नाही मारली. बुरशीनं मारली, ते वर्षा सांगन. पण बुरशी नसती सापडली, तरी त्यानं नाही मारली. हे मले माहीत पाह्यजे होतं." एवढं बोलून खाली बसले. गर्दीतल्या धनसिंगनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर नाईकांनी त्याला गप्प केलं.

मग नाईकांना सोबत घेऊन बापू दारव्ह्याला गेले, नागोरावकाकांच्या घरी. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी ओसरीत पंचफुलामावशींजवळ बसले होते. बाहेर येताना काका त्यांच्यासोबत चौकापर्यंत चालत आले, मधोमध, सगळ्यांना दिसेल असे. चहा घेतला. पोरं बघत होती.

मेलेली रोपं आम्ही उपटून जाळली, खालचा पालापाचोळाही. या वर्षी दुसऱ्या जातीचा खुंट लावून पाहू, मॅडमनी बी दिलं आहे. ती बुरशी बांधावर आहेच. राहणार. तिला हाकलता येत नाही आणि मला ती हाकलावीशी वाटतही नाही.

बापू तुझ्याकडे यायला निघालेत. वहिनीला सांग. तांड्यात आण असं ते म्हणणार नाहीत कदाचित, त्यांना ते एकदम जमणार नाही. तू त्यांना आत घ्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी त्यांना तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, "दारातून परत लावलं तरी जातो. मले जाणं हाय."

काल निघायची तयारी चालली होती. मला विचारलं, "व वर्षा, ते द्राक्षावर जाते का?"

"काय, बापू?"

"आपली बुरशी. माह्या कपड्याले लागून त्याच्या बागेत गेली तं?"

मी म्हटलं, नाही बापू, तिला फक्त जंभेरी कळते. द्राक्षाला ती काही करत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "तू म्हणतं तं नसन करत. पण तो तुकडा इकडून तिकडं जाते म्हणे ना. कोणाले कोण भेटन, काय सांगावं?"

आज सकाळी उठून पाहिलं तर ते विहिरीवर होते. डोक्यावरून पाणी घेत होते, साबण लावून नखं घासत होते. नवं धोतर, नवा सदरा, याडीनं पेटीतून काढून दिलेला. वाफ्यात घालायच्या चपला बांधावर काढून ठेवल्या आणि जीपपर्यंत अनवाणी गेले. दारव्ह्यात नव्या घेतो म्हणाले. मी आणि याडी रस्त्यापर्यंत गेलो. जीपमध्ये चढण्याआधी त्यांनी पाऊल वर करून तळवा पाहिला, हातानं पुसला, दुसरा पुसला आणि मग आत बसले.

पत्र कदाचित त्यांच्यानंतर पोचेल.

तुझी
वर्षा